शून्य अंशाची रात्र आणि लंडनचा रस्ता

लंडनला थंडी पडली की भारतातून पहिला फोन येतो, "हीटर चालू आहे ना रे?" आपला असतो. पण चॅरिंग क्रॉसच्या आडोशाला, दुकानाच्या पायरीवर पुठ्ठा अंथरून झोपणाऱ्यांचं त्या रात्री काय होतं, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रात्रीचं तापमान शून्य किंवा त्याखाली जाण्याचा अंदाज आला की इथे 'स्वेप' लागू होतं. म्हणजे सिव्हिअर वेदर इमर्जन्सी प्रोटोकॉल. रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाला त्या रात्री आत घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी सलग तीन रात्रींचा अंदाज लागायचा. आता लंडनच्या एका कोपऱ्यात एका रात्रीचा अंदाज आला, तरी सगळ्या ३२ बरोंनी आणि सिटी ऑफ लंडनने दार उघडावं अशी पद्धत आहे. आणि एकदा आत घेतलेल्या माणसाला, पुढची काही सोय ठरेपर्यंत सकाळी परत बाहेर काढू नये, असंही धोरण आहे. कायद्याची सक्ती मात्र नाही. त्यामुळे दोन अंश आणि धो धो पाऊस अशा रात्री काय करायचं, हे ज्या त्या काउन्सिलवर. भिजलेल्या माणसाला दोन अंश म्हणजे काय, हे थर्मामीटरला कुठे कळतंय!

२०२४-२५ या वर्षभरात लंडनच्या रस्त्यांवर १३,२३१ माणसं झोपलेली आढळली. यातला 'आढळली' हा शब्द महत्त्वाचा. आउटरीच टीमच्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिलं तरच नोंद होते, आणि एरवी मदतीची वाट बहुधा त्या नोंदीतूनच जाते. बायका सुरक्षिततेसाठी मुद्दाम दिसणार नाहीत अशा जागी थांबतात, किंवा रात्रभर नाइट बसमधून फिरत राहतात. त्या कोणाला आढळणार?

मी सॉफ्टवेअरवाला. सुरुवातीला वाटायचं, रिकाम्या खाटांचं एक चांगलं ॲप केलं की काम झालं. पण खाट कुठे आहे याच्याइतकाच अवघड प्रश्न माणूस कुठे आहे हा असतो. त्यासाठी २०१२ पासून 'स्ट्रीटलिंक' आहे. त्याच्या वेबसाइटवर कोणीही कळवू शकतं. फक्त "स्टेशनजवळ एक गृहस्थ आहेत" असं लिहून उपयोग नाही. कोणत्या बाजूचं दार, कोणत्या दुकानासमोर, किती वाजता दिसले, अंगावर काय होतं, अंथरूण होतं का, हे लागतं. टीम रात्री उशिरा किंवा पहाटे जाते, म्हणून माणूस झोपतो ती जागा हवी, दिवसा बसतो ती नाही. तिथे जाऊन कोणी सापडलंच नाही, असंही होतं. पुन्हा दिसले तर पुन्हा कळवायचं.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. वर्क व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते. आपल्याला ती चाइल्ड बेनिफिटचा विषय निघाला की आठवते, तेवढीच. पण नोकरी गेली, साठ दिवसांत नवा स्पॉन्सर मिळाला नाही, घरमालकाने घर सोडायला सांगितलं, तर बेघरांसाठीची काउन्सिलची नेहमीची मदत या अटीमुळे मिळत नाही. अशी वेळ आलेला माणूस लाजेपोटी घरी कळवत नाही आणि सरकारी दारात जायलाही घाबरतो. स्वेपच्या रात्री ही अट आणि 'तू या भागातलाच का' हा प्रश्न, दोन्ही आड येऊ नयेत असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात. हे आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीइतक्याच ठळकपणे फिरायला हवं.

माणूस बेशुद्ध वाटला, प्रतिसाद देत नसला, तर स्ट्रीटलिंकची वाट बघू नका, सरळ ९९९ लावा. अठरा वर्षांखालचं पोर असेल तर पोलिसांना कळवा. आणि बोलता येण्यासारखं असेल तर आधी विचारा, "तुमच्याबद्दल कळवू का?" कोणाला कुत्रा सोडून जायचं नसतं, कोणाला जोडीदार, आणि तेही त्या फॉर्ममध्ये लिहिता येतं.