पाठीला पाठ लावलेले तीन राउटर

या विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलेले आम्ही तिघे संगणकांच्या जाळ्यांच्या व्यवसायात कसे आलो, हे स्मरणिकेसाठी लिहावे, असे सुचविण्यात आले. आत्मकथनापेक्षा ज्या साधनांवर आम्ही शिकलो त्यांची माहिती आजच्या विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्याने हा लेख त्यांविषयीच आहे.

खासगी प्रशिक्षणाचे शुल्क आमच्या घरांना झेपणारे नव्हते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचे २५०१ या क्रमांकाचे तीन जुने राउटर घेतले आणि भाड्याच्या खोलीत लोखंडी कपाटावर मांडले. परीक्षेचे शुल्क वर्गणी काढून एकाचेच भरता आले; तो उत्तीर्ण झाला तरच पुढचा बसणार होता. कचेऱ्यांनी मोडीत काढलेली ही यंत्रे कालबाह्य खरी, पण प्रत्येकाच्या मागील बाजूस दोन सिरियल पोर्ट असतात आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

दोन शहरांतील कार्यालये भाड्याच्या लाइनने जोडली जातात, तेव्हा दोन्हीकडच्या राउटरांच्या मध्ये दूरसंचार यंत्रणा असते. लाइनवरून एकामागून एक येणारे शून्य आणि एक कोणत्या गतीने मोजायचे, याचा ठेका ती यंत्रणा देते. त्याला क्लॉक म्हणतात. ठेका देणारी बाजू डीसीई, घेणारी डीटीई. राउटर एरवी घेणाराच असतो. आता खोलीत दूरसंचार यंत्रणा आणायची कोठून? ढोलकीवाला आला नाही तर गायकांपैकीच एकाने ढोलकी पुढे ओढावी, तसे दोन राउटर एका केबलने थेट जोडून त्यांपैकी एकाकडे ठेक्याचे काम सोपवितात. पाठीला पाठ जोडणी ती हीच.

मात्र हे काम कोणाकडे जाणार, ते राउटर ठरवीत नाही, केबलचे टोक ठरविते. आमची फजिती येथेच झाली. विकत आणलेल्या केबलवरील चिठ्ठ्या कोणीतरी उलट्या चिकटविल्या होत्या. त्यांवर विश्वास ठेवून आम्ही पहिल्या राउटरला 'क्लॉक रेट ६४०००' ही आज्ञा देत राहिलो आणि ती नाकारली जात राहिली. पोर्ट 'अप' दिसे, पण लाइन प्रोटोकॉल 'डाउन'. केबल खराब असावी, पोर्ट जळाला असावा, असे तर्क करण्यात दोन रात्री गेल्या. वास्तविक 'शो कंट्रोलर्स सिरियल ०' एवढे विचारले असते, तर या पोर्टात डीटीई टोक आहे, हे राउटरनेच सांगितले असते. दुसऱ्या राउटरवर तीच आज्ञा दिली आणि काही क्षणांत लाइन सुरू झाली. या केबलचे साठ पिनांचे टोक उलटे दाबून बसवू नये, हेही येथेच सांगतो. पिना वाकतात आणि सरळ करताना मोडतात.

पत्त्यांचा हिशोब सोपा आहे. दोघांच्या दुव्याला दोनच पत्ते पुरतात, म्हणून मास्क २५५.२५५.२५५.२५२ ठेवितात, चारांपैकी पहिला आणि शेवटचा वगळता दोन उरतात. पोर्ट मुळात बंद असतो, त्यास 'नो शटडाउन' द्यावे लागते.

खरे शिक्षण तिसरा राउटर जोडल्यावर सुरू होते. मधल्याला दोन्ही शेजारी ठाऊक असतात. पहिल्याला मात्र तिसऱ्याचा दुवा ठाऊक नसतो. पहिल्यास मार्ग शिकविला तरी पिंगला उत्तर येत नाही. निरोप पोहोचलेला असतो, पण उत्तर कोणत्या वाटेने धाडावे हे तिसऱ्यास कोणी सांगितलेले नसते. परतीचा मार्गही लिहावा लागतो. पुस्तकातील या वाक्यावरून आम्ही अनेकदा गेलो होतो. ते समजले मात्र त्या खोलीत.

भारनियमनाने दुसरा धडा दिला. राउटर बंद पडला की चालू स्मृतीतील मांडणी पुसली जाते. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' न केल्यामुळे पूर्ण रविवारचे काम एकदा अंधारात गेले.

आज पॅकेट ट्रेसरसारखी आज्ञावली संगणकावर हे सर्व दाखविते, आणि नवशिक्याने आरंभ तेथूनच करावा, असे आम्ही सांगू. जुन्या लोखंडावर पैसे घालण्याचे कारण उरलेले नाही. पण उलटी चिकटविलेली चिठ्ठी त्या आज्ञावलीत भेटत नाही.

आमच्यातील पहिला उत्तीर्ण झाला. त्याच्या पहिल्या पगारातून दुसऱ्याचे शुल्क भरले गेले, दुसऱ्याच्या पगारातून तिसऱ्याचे. ते तीन राउटर आता विद्यालयाच्या संगणक कक्षात आहेत. केबलच्या डीसीई टोकाला आम्ही लाल धागा बांधला आहे. तो कोणी सोडू नये.