अपयशाचे चरित्र

आपल्याकडे चरित्र लिहिले जाते ते यशस्वी माणसाचे. बालपणीचे दारिद्र्य, तारुण्यातील धडपड आणि उतारवयातील मानसन्मान या त्याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या असतात. तिसरी पायरी गाठता आली नाही तर पहिल्या दोहोंची नोंद ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. चित्रपटांतील चरित्रेही याच वाटेने जातात. म्हणूनच टिम बर्टन या अमेरिकन दिग्दर्शकाने १९९४ साली काढलेला ‘एड वुड’ हा चित्रपट आज तीस वर्षे उलटल्यावरही वेगळा वाटतो. ज्याला चित्रपट काढता येत नव्हता, परंतु चित्रपट काढल्यावाचून राहवतही नव्हते, अशा एका दिग्दर्शकाचे ते चरित्र आहे.

एडवर्ड वुड हा १० ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या गावी जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या मरीन दलात होता. युद्धानंतर त्याने हॉलिवुडची वाट धरली आणि तेथे अत्यंत तुटपुंज्या पैशांत, मिळेल त्या नटाला घेऊन, मिळेल त्या जागी चित्रपट काढले. त्यांतील ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा सर्वांत कुप्रसिद्ध. त्यातील थडगी धक्का लागताच हलतात, एकाच प्रसंगात रात्रीचा दिवस होतो आणि दिवसाची रात्र, आकाशातून येणाऱ्या तबकड्यांची दोरी दिसते, विमानचालकाच्या कक्षाला न्हाणीघरातल्यासारखा पडदा लावलेला असतो. १९८० साली मेडवेड बंधूंनी निकृष्ट चित्रपटांविषयी एक विनोदी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वाचकांच्या मतांनुसार ‘प्लॅन नाइन’ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरविण्यात आले. वुड १९७८ साली निवर्तला होता. हयातीत ज्याचे नाव कोणी घेतले नाही, त्याला मरणोत्तर कीर्ती लाभली ती अशी.

प्रस्तुत लेखकाने ‘प्लॅन नाइन’ पहिल्यांदा पाहिला तो एका चित्रपट मंडळाच्या खेळात. प्रेक्षागृह हास्याने दणाणून गेले होते आणि त्यात लेखकाचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांची मिशी गळून पडली की जे हसू येते त्याच जातीचे ते हसू. मात्र स्नेहसंमेलनातल्या हसण्यात थोडी माया असते, कारण तो मुलगा आपल्याच आळीतला असतो. वुडला हसणाऱ्यांना त्याच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. बर्टन यांनी केले ते एवढेच, की वुडला आपल्या आळीतला मुलगा करून टाकले.

चित्रपटातील वुड, म्हणजे जॉनी डेप, हा अखंड आशावादी आहे. त्याच्या नाटकाची वृत्तपत्रात खरडपट्टी निघते, तेव्हा त्या मजकुरातून सैनिकांचे गणवेश हुबेहूब होते एवढे एक वाक्य तो शोधून काढतो आणि खूश होतो. एक चित्रपट-व्यावसायिक दूरध्वनीवरून हसत सुटतो नि इतका भिकार चित्रपट आपण जन्मात पाहिला नाही असे सांगतो. वुडचे उत्तर इतकेच, की पुढचा याहून चांगला होईल. मूर्खपणा आणि निष्ठा यांच्यामधली सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न हा चित्रपट पदोपदी उभा करतो. अशी माणसे आपल्या भोवतीही असतात. दरवर्षी पदरमोड करून हस्तलिखित काढणारा एखादा शिक्षक किंवा निवृत्तीपर्यंत एकांकिका लिहीत राहणारा कचेरीतला कारकून आपण पाहिलेला असतो. त्यांच्या लेखनाचा दर्जा आपण झटकन ठरवून मोकळे होतो. त्या हट्टामागे काय असते, हे मात्र विचारत नाही.

वुडच्या बाबतीत तरी त्या हट्टामागे सांगण्यासारखे काहीतरी होते. १९५२च्या अखेरीस ख्रिस्तीन जॉर्गेन्सन हिच्या लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेची बातमी अमेरिकेत गाजली. एका निर्मात्याला त्यावर झटपट पैसा मिळवून देणारा चित्रपट हवा होता. वुडने १९५३ साली त्याला दिला तो ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’. मागणी सनसनाटीची होती आणि मिळाले एक आत्मनिवेदन. स्त्रीवेष धारण करण्याची, विशेषतः मऊ अँगोरा लोकरीच्या स्वेटरची ओढ ही वुडची स्वतःचीच होती. नायकाची भूमिकाही त्याने टोपणनावाने स्वतःच केली. चित्रपट विस्कळीत आहे, कित्येक ठिकाणी अनाकलनीय आहे. परंतु अशा माणसाला हसू नका, त्याला समजून घ्या, ही विनवणी त्या काळच्या अमेरिकेत पडद्यावरून उघडपणे करण्याचे धैर्य मोठमोठ्या निर्मितिगृहांना झाले नव्हते. ते या अडाणी दिग्दर्शकाने दाखविले.

तथापि बर्टन यांच्या चित्रपटाचा प्राण आहे तो वुड आणि बेला लुगोसी यांच्या स्नेहात. लुगोसी हा १८८२ साली जन्मलेला हंगेरियन नट. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ने त्याला जगभर नाव मिळवून दिले आणि त्याच भूमिकेने त्याला जन्माचे जखडूनही टाकले. वुडची गाठ पडली तेव्हा तो सत्तरीला टेकलेला, विस्मृत आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता. १९५५ साली तो आपण होऊन सरकारी रुग्णालयात दाखल झाला. मार्टिन लँडाऊ यांनी हा म्हातारा असा उभा केला आहे की पाहणाऱ्याने लुगोसीचा मूळ चित्रपट पाहिलेला नसला तरी त्याचे पूर्ववैभव त्याला कळते. एका प्रसंगात रात्रीच्या थंडीत, गार पाण्यात उतरून त्याला रबरी ऑक्टोपसशी झुंजायचे असते. ऑक्टोपस चालविणारी मोटर कोणी आणलेलीच नाही. तेव्हा हा वृद्ध नट त्या निर्जीव बाहूंना स्वतःच्याच हातांनी अंगाभोवती गुंडाळतो नि आरोळ्या ठोकू लागतो. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता ओशाळतो. पुढे रस्त्यात उभे राहून लुगोसी वुडच्याच चित्रपटातले एक भाषण म्हणून दाखवितो आणि जाणारे-येणारे टाळ्या वाजवितात. कागदावर भरताड वाटणारे ते शब्द एका उतरत्या नटाच्या तोंडी खरे होऊन जातात. लँडाऊ यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. खुद्द लुगोसीला नामांकनसुद्धा कधी मिळाले नव्हते.

लुगोसी १६ ऑगस्ट १९५६ रोजी वारला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यासह पुरण्यात आले. वुडपाशी त्याचे काही मिनिटांचे चित्रीकरण उरले होते. त्याभोवती त्याने ‘प्लॅन नाइन’ रचला आणि उरलेल्या भागात, मणक्याचे उपचार करणाऱ्या एका उंच्यापुऱ्या गृहस्थाला झग्याने तोंड झाकून फिरविले. हे सोंग कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. पैसा एका बाप्तिस्त चर्चच्या मंडळींचा होता आणि त्यासाठी नटांनी बाप्तिस्माही घेतला. याला लबाडी म्हणावे की मित्राला पडद्यावर आणखी थोडा वेळ जिवंत ठेवण्याची धडपड? माझ्या मते दोन्ही.

आता आक्षेपांविषयी. हे चरित्र सर्वस्वी प्रामाणिक नाही. मद्यालयात ऑर्सन वेल्स आणि वुड यांची जी भेट दाखविली आहे ती काल्पनिक आहे. ‘सिटिझन केन’चा कर्ता आणि ‘प्लॅन नाइन’चा कर्ता एका बाकावर बसवून पटकथाकारांनी आपली हौस भागवून घेतली. लुगोसी एकाकी दाखविला आहे. वस्तुतः १९५५ साली त्याने पुन्हा विवाह केला होता आणि त्याला एक मुलगाही होता. वुडची मैत्रीण डोलोरेस फुलर ही चित्रपटात कंटाळून निघून जाणारी स्त्री एवढीच उरते. तिने पुढे एल्विस प्रेस्लीसाठी गीते लिहिली, याचा विचार करता तिच्यावर अन्यायच झाला आहे.

आणखी एक विसंगती आहे, पण ती मात्र मोठी गोड आहे. वुडचे चित्रपट कृष्णधवल होते ते नाइलाजाने. बर्टन यांनी मात्र कृष्णधवलाचा आग्रह धरला, त्यापायी कोलंबिया कंपनीने अंग काढून घेतले आणि चित्रपट डिस्नेकडे गेला. १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून, उत्तमोत्तम तंत्रज्ञ लावून, थडगी नेमकी हवी तेव्हा हलतील अशी व्यवस्था करण्यात आली. आणि एवढे करून चित्रपटगृहांतील उत्पन्न झाले ६० लाख डॉलरांहूनही कमी. वुडच्या चरित्राला वुडचेच भाग्य लाभले!

खरा प्रश्न आहे तो चरित्र कोठे थांबवावे याचा. बर्टन थांबतात ते ‘प्लॅन नाइन’च्या एका दिमाखदार, पण काल्पनिक, पहिल्या खेळापाशी. भरगच्च प्रेक्षागृहापुढे वुड उभा राहतो, मग बाहेर कोसळत्या पावसात आपल्या प्रेयसीला मोटारीत घालून लग्नासाठी निघतो. वास्तवात तो चित्रपट १९५७ साली एकदा दाखविला गेला आणि सर्वत्र प्रदर्शित व्हायला १९५९ उजाडले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे वुडने अश्लील कादंबऱ्या आणि तशाच चित्रपटांवर गुजराण केली, दारूत स्वतःला बुडवून घेतले. डिसेंबर १९७८ मध्ये भाडे थकल्यामुळे त्याला पत्नीसह राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले. एका मित्राने आसरा दिला. तेथेच काही दिवसांत, १० डिसेंबरला, हृदयविकाराने त्याचा अंत झाला. वय अवघे चोपन्न.

ही वीस वर्षे बर्टन यांनी पडद्यावर दाखविली नाहीत. शेवटी काही अक्षरे येतात आणि जातात, त्यांत तो वृत्तान्त आहे. हे सत्यापासून पळ काढणे झाले, असे काही समीक्षक म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला जगाने केवळ त्याच्या चुकांसाठी लक्षात ठेवले, त्याला एकदा तरी भरलेल्या प्रेक्षागृहात, स्वतःच्या चित्रपटासमोर उभे करावे, एवढीच ती इच्छा आहे. प्रेक्षागृहातले दिवे मालवतात तेव्हा तो पडद्याकडे पाहत असतो. थडगी हलतात, दोरी दिसते. त्याला ती दिसत नाही.