हत्यार कोणाच्या ताब्यात?

गवंड्याची थापी, सुताराचा रंधा ज्याचा त्याच्या मालकीचा असतो. थापी करणारा कारखानदार दहा वर्षांनी दारात येऊन 'आता ही वापरू नका' असे बजावत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र जवळजवळ तसेच घडले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, इतकेच. यंत्रे बंद पडली नाहीत. पण सुरक्षेतील भगदाडे बुजवणारा हात निघून गेला. नवी 'विंडोज ११' घालावी, तर साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक तिच्या अटींत बसत नाहीत.

आरोंद्यातील आमच्या कचेरीचा संगणक त्यांतलाच. एका दुकानदाराने 'भंगारात घाला' असा निकाल दिला. सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली, रोज पावत्या छापणारी वस्तू भंगारात कशी घालावी? या प्रश्नापायी आम्ही जे शिकलो, ते येथे सांगत आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामावर अधिक झाले. तेव्हा भाषा साधीच राहील.

प्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला मुकादम. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कागद केव्हा छापायला सोडायचा, हे तो ठरवतो. विंडोजचा मुकादम कोणत्या हुकमांनी चालतो, ते कंपनी उघड करीत नाही. मुक्त प्रणालीचे हुकूम सर्वांसमोर उघडे असतात. ते तपासावे, बदलावे, प्रती काढून शेजाऱ्याला द्याव्यात, अशी मुभा परवान्यातच असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अशा प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा रचला. उबुंटू, मिंट ही त्याच गाभ्यावर उभी असलेली घरे. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही त्यावरच उभी आहे.

कोणी म्हणेल, 'विंडोज तरी आम्ही कोठे विकत घेतली?' खरे आहे. चोरकिल्लीने उघडलेल्या प्रती गावोगाव आहेत. पण चोरून आणलेल्या वस्तूवर आपला हक्क बसत नाही. मुक्त प्रणाली बहुधा फुकट मिळते. तथापि तिचे खरे मोल हक्कात आहे.

हा प्रयोग दूरदेशीचाच आहे असे नाही. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक शाळांसाठी आणले गेले आणि लिनक्सवर चालवले गेले. केरळात २००१ साली शाळांमध्ये संगणक-शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. अभ्यासक्रम एकाच कंपनीच्या मालावर बेतला जाऊ लागला, तेव्हा शिक्षकांच्या संघटनेने हरकत घेतली. पुढे हजारो शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि तेथील सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. उलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली विंडोज सोडण्याचे ठरवले, हजारो संगणक बदलले, आणि २०१७ साली परतण्याचा ठराव केला. कारणांविषयी मतभेद आहेत. पण यंत्र बदलले म्हणजे कचेरी बदलली असे होत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आता अडचणी. आमची पहिली अडचण मराठीचीच होती. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली पंधरा वर्षांची पत्रके नव्या प्रणालीत उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून, एकेक ओळ तपासून घ्यावी लागली. टंकलेखन यंत्रावर बोटे घडलेल्या आमच्या सहकारी बाईंना इनस्क्रिप्ट कळफलक नव्याने शिकावा लागला. पहिला महिनाभर त्या आमच्यावर रागावल्या होत्या, आणि तो राग रास्त होता. हिशेबाची आमची आज्ञावली लिनक्सवर चाललीच नाही. त्यासाठी दुसऱ्या, नव्या संगणकावर विंडोज ठेवली आहे. यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

ज्यांना बदल करावयाचा आहे त्यांनी घाई करू नये. प्रथम सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग विंडोजवर असतानाच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरून हात बसवावा. नंतर लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन तेथूनच संगणक चालू करावा. यात जुने काही पुसले जात नाही. छपाईयंत्र, वायफाय, मराठी टंकन ही तिन्ही चालतात असे दिसले, तरच ती कायमची बसवावी.

आणि एकट्याने करू नये. ग्रंथालय, पतसंस्था, शाळा यांनी मिळून एक जाणता तरुण हाताशी धरावा; त्याला त्याच्या श्रमाचे दाम द्यावे. प्रणाली फुकट असली तरी माणसाची मेहनत फुकट नसते, हे आम्ही नाही सांगायचे तर कोणी? भंगारात निघालेला आमचा संगणक आजही पावत्या छापतो आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी कचेरीत यावे. बाई स्वतः दाखवतील.