औषधालयाच्या संगणकासाठी अल्प खर्चातील मदत-फाइल

चार वर्षांपूर्वी एका औषधनिर्मात्याने चूर्णाची एक बॅच परत मागविली, तेव्हा आम्ही निश्चिंत होतो. औषधालयातील सर्व नोंदी संगणकावर होत्या. बॅच क्रमांक टाकताच ते चूर्ण घेतलेल्या रुग्णांची यादी मिळेल, अशी आमची समजूत! पडद्यावर आली ती कोरी यादी. आमच्या मदतनिसाने दीड वर्ष प्रत्येक नोंदीत बॅचच्या रकान्यात केवळ '1' भरला होता. रकाना रिकामा ठेवल्यास संगणक पुढे जाऊ देत नाही, एवढेच त्यास उमगले होते. अखेर ते चूर्ण घेतलेल्या सर्वच, म्हणजे ऐंशीहून अधिक रुग्णांस आम्हांस दूरध्वनी करावे लागले.

दोष त्याचा नव्हता. सॉफ्टवेअरसोबतची मदत-फाइल इंग्रजीत होती आणि ती आम्हीही कधी उघडली नव्हती. मराठीत करून देण्याचे जे अंदाजपत्रक आले, ते लहान औषधालयास पेलणारे नव्हते. तेव्हा लेखन आम्हीच हाती घेतले.

आरंभी पडद्यावरील प्रत्येक बटणाचे क्रमवार वर्णन लिहिले. बावीस पाने झाली. मदतनिसाने त्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग तीन दुपारी त्याच्या शेजारी बसून, तो जेथे अडला तेथे त्याचेच शब्द टिपले. 'बाटली फुटली तर कोठे लिहू?' 'उधारी कशी दाखवू?' हीच पुढे शीर्षके झाली. बॅचच्या पानावर मात्र कृतीआधी कारण लिहिले.

रचनेसाठी दूर जावे लागले नाही. तंत्रयुक्ती आपण सर्वांनी पदवी परीक्षेसाठी पाठ केल्या आहेत. सुश्रुतसंहितेत 32, चरकसंहितेत 36. उद्देशात संक्षेप, निर्देशात विस्तार. अतिक्रान्तावेक्षणाने मागील विषयाकडे, अनागतावेक्षणाने पुढील विषयाकडे लक्ष वेधावयाचे. संगणकाच्या पानावरील दुवा याहून निराळे काय करतो? (परीक्षेनंतर त्या प्रथमच उपयोगी पडल्या, हे प्रांजळपणे सांगतो.)

साधनांस पैसे पडत नाहीत. पूर्वी अशा फाइली सीएचएम स्वरूपात करीत. परंतु त्यांची अनुक्रमणिका देवनागरीस अनुकूल नाही, आणि 2005 च्या सुरक्षा-सुधारणेनंतर दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत उघडल्यास पान कोरे दिसू लागले. आम्ही साधी एचटीएमएल पाने एकाच फोल्डरमध्ये ठेवली. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतात. छापील प्रत विनामूल्य मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये केली. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो आणि त्यात शोधही घेता येत नाही.

एक दक्षता अत्यावश्यक. पडद्याची चित्रे घेताना खऱ्या रुग्णाचे नाव व व्याधी दिसता कामा नये. आम्ही 'नमुना रुग्ण' या नावाने स्वतंत्र नोंद केली. तत्पूर्वीची सात चित्रे टाकून द्यावी लागली.

छपाई व लॅमिनेशन धरून खर्च 640 रुपये झाला. आमच्या रविवारांचे मोल त्यात धरलेले नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ब्रँडेड आयुर्वेदिक औषधांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा एकच पान बदलावे लागले. मुदत संपलेला माल परत पाठविण्याचे पान अद्याप अपुरे आहे. मदतनिसाने त्यावर पेन्सिलीने तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत, आणि त्यांपैकी एकाचे उत्तर आम्हांसही ठाऊक नाही.