एमआरआयमधली झीज आणि कमरेतलं दुखणं

कंबर अजिबात न दुखणाऱ्या, विशीतल्या १०० जणांचं स्कॅन केलं, तर सुमारे ३७ जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. पन्नाशीत हा आकडा ८० वर जातो, ऐंशीत ९६ वर. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाणही विशीत ३० टक्के, तर पन्नाशीत ६० टक्के असतं. काहीच दुखत नसलेल्या ३,११० जणांवरच्या ३३ अभ्यासांचा हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकून घाबरण्याआधी थांबायला हवं. झिजेचा दुखण्याशी काहीच संबंध नाही, असं नव्हे. पण रिपोर्टमध्ये झीज दिसली एवढ्यावरून तेच कारण ठरत नाही.

२०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, यातल्या सुमारे ९० टक्के रुग्णांत एका विशिष्ट आजाराकडे किंवा इजेकडे बोट दाखवता येत नाही. दुखणं १२ आठवड्यांहून जास्त टिकलं की ते जुनाट मानतात. अशा वेळी मूळ इजा भरून आली, तरी मज्जासंस्था जास्त संवेदनशील राहू शकते आणि साध्या हालचालीनेही कळ येते. अपुरी झोप, नैराश्य आणि ‘वाकलो तर मणका जाईल’ ही भीती त्यात भर घालते. माणूस हालचाल टाळतो, स्नायू अशक्त होतात, दुखणं मुरतं. कंबरदुखीमुळे येणाऱ्या अपंगत्वापैकी सुमारे ३९ टक्के भार कामाचं स्वरूप, धूम्रपान आणि लठ्ठपणा या तिन्हींशी जोडलेला आहे.

उरलेल्या दहा टक्क्यांकडे मात्र दुर्लक्ष नको. नस दबणं, हाड मोडणं, मणक्याचा क्षयरोग, कर्करोग, संधिदाह ही कारणं त्यात येतात. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा असेल, तर डॉक्टरांकडे जाणं लांबवू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांसाठी आकडे धीर देणारे आहेत. जुनाट कंबरदुखीत व्यायाम आणि रुग्णशिक्षणाची शिफारस करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असं सांगितलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला शिकवलं. त्यांचं दुखणं उलटायला मध्यकानुसार (मीडियन) २०८ दिवस लागले. इतरांचं ११२ दिवसांत उलटलं. रिपोर्टमधली झीज पुसता येत नाही, पण चालणं, झोप, वजन आणि भीती यांवर काम करता येतं. उपचारांची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.