आवाज कुणाचा?

मोर्चात पुढे चालणारा माणूस घोषणा अर्धीच देतो. उरलेली अर्धी मागच्या रांगा पुरी करतात, आणि घोषणा टिकणार की विरणार हे बहुतेक वेळा त्या मागच्या अर्ध्यावर ठरतं. 'कोण म्हणतो देत नाही?' असा सवाल पुढून येतो. 'घेतल्याशिवाय राहत नाही' हे मागच्यांनी म्हणायचं. पगारवाढ असो, पाणी असो की कांद्याचा भाव, ही जोडी कुठेही चालते. मागणी कसली ते तिला सांगावंच लागत नाही.

हे तंत्र मराठी माणसाला शिकवावं लागलं नाही. 'गणपती बाप्पा' कानावर पडलं की 'मोरया' तोंडून निघतंच. राजकारणाने ही सवय आयती उचलली. 'आवाज कुणाचा?' हा सवाल शिवसेनेच्या सभांत गाजला, पण पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी कॉलेजची पोरंही तोच सवाल घसा फोडून करतात.

या सवयीचा सर्वात मोठा उपयोग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने केला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ही मागणी, आणि 'झालाच पाहिजे' हा गर्दीचा वाटा. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष अशी एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी तिच्यात होती. लांबलचक ठरावांवर ती भांडलीही असती. 'झालाच पाहिजे'मध्ये भांडायला जागाच नव्हती. १ मे १९६०ला राज्य झालं, बेळगाव मात्र बाहेर राहिलं. त्यामुळे 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' अशी लांबलेली घोषणा सीमाभागात अजून निवृत्त झालेली नाही.

कधी घोषणेचा पहिला अर्धा भाग विरोधकच पुरवतो. १९७१च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने 'इंदिरा हटाओ' म्हटलं. इंदिरा गांधी सभांतून सांगू लागल्या : ते म्हणतात इंदिरा हटाओ, मी म्हणते गरिबी हटाओ. काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या. गरिबी काही हटली नाही, आणि त्या दोन शब्दांनी पुढे त्यांचीच पाठ धरली.

सहा वर्षांनी मुंबईकरांनी याची परतफेड केली. पाण्यासाठी मोर्चे काढून 'पाणीवाली बाई' ठरलेल्या मृणाल गोरे १९७७मध्ये लोकसभेवर निवडून आल्या, तर इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' त्या निवडणुकीवरचं इतकं नेमकं भाष्य अग्रलेखांनाही साधलं नसेल.

सरकारी घोषणांना मात्र उत्तर देणारं कुणी नसतं; त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऊन-पाऊस खात बसतात. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आणि 'झाडे लावा, झाडे जगवा' यांना पाय फुटले ते शाळेच्या प्रभातफेऱ्यांमुळे. या दोन्हींत माणसाने नेमकं काय करायचं ते सांगितलेलं आहे, हाही त्यांचा गुण.

प्रचाराची जुनी ओळ होती 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का', आणि पुढे अमक्या चिन्हावर मारायचा शिक्का. २००४मध्ये लोकसभेचं सगळं मतदान यंत्रावर झालं आणि शिक्का गेला. 'बटण'ला जुळणारं यमक प्रचारात उघडपणे घेण्यासारखं नाही, ही कवींची खरी अडचण.

२०१६च्या मराठा मोर्चांनी तर घोषणाच बंद ठेवल्या. लाखो माणसं मुकाट चालली. 'एक मराठा, लाख मराठा' हे झेंड्यांवर आणि टी-शर्टांवर लिहिलेलं होतं. उलट २०२२मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी 'पन्नास खोके'ला 'एकदम ओके' जोडलं आणि शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप गावोगाव पोचला. त्या वर्षी पोळ्याला बैलांच्या पाठीवरही तो रंगवला गेला.

आता प्रचाराच्या रिक्षावर सवालही रेकॉर्ड केलेला असतो आणि जबाबही. पुढच्या निवडणुकीत गल्लीतून घोषणा आली, तर जबाब लाउडस्पीकर देतोय की मागून चालणारी माणसं, एवढं जरूर पाहा.