घरगुती वायुवाहिन्या आणि धूळ

घरगुती वायुवाहिन्या, अर्थात डक्ट, म्हणजे केंद्रीय तापन व शीतन यंत्रणेतील हवा निरनिराळ्या खोल्यांत पोहोचवणाऱ्या आणि तेथून परत आणणाऱ्या वाहिन्या होत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील घरांत ही पद्धत विशेष रूढ आहे. वायुवाहिन्या स्वतः धूळ निर्माण करत नाहीत. परंतु गळती, दाबातील असमतोल आणि सदोष गाळणी यांमुळे ती घरभर पसरू शकते.

रचना व कार्य

यंत्रणेचा पंखा परतीच्या वाहिनीतून खोल्यांतील हवा ओढून घेतो. ही हवा गाळणीतून जाते, भट्टीत तापते किंवा शीतक वेटोळ्यावर थंड होते आणि पुरवठा वाहिन्यांतून पुन्हा खोल्यांत सोडली जाते. वाहिन्या बहुधा छपराखालील माळ्यावर, तळघरात किंवा जमिनीलगतच्या बुटक्या पोकळीत बसवलेल्या असतात. या जागा सहसा घरातील सर्वांत धुळकट असतात.

धूळ पसरण्याची कारणे

परतीच्या वाहिनीतील गळती: पंखा चालू असताना या वाहिनीतील हवेचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे सांधा उघडा असल्यास माळ्यावरील उष्णतारोधक तंतू, माती व बुरशीचे बीजाणू आत खेचले जातात. गळती गाळणी आणि पंखा यांच्या दरम्यान असल्यास ही धूळ न गाळताच खोल्यांत पोहोचते.

पुरवठा वाहिनीतील गळती: माळ्यावर हवा निसटली की घरातून जितकी हवा ओढली जाते तितकी परत येत नाही. घरातील दाब घटतो आणि ती तूट भिंती, छत व दारे-खिडक्यांच्या फटींतून येणाऱ्या बाहेरील हवेने भरून निघते. अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमानुसार सामान्य घरात वाहिन्यांतील सुमारे २० ते ३० टक्के हवा गळतीमुळे वाया जाते.

बंद दारे: परतीचा मार्ग एकच व मध्यवर्ती असल्यास, शयनगृहाचे दार लावताच तेथील हवा अडते आणि उर्वरित घरात दाब कमी होतो.

गाळणीतील दोष: गाळणी चौकटीत घट्ट बसली नसेल, तर हवा कमी अडथळ्याच्या वाटेने, म्हणजे कडेच्या फटीतून, निघून जाते.

आरोग्याचा धोका

दाबातील घट केवळ धुळीपुरती मर्यादित राहत नाही. घरात गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र असल्यास त्याच्या धुरांड्यातील वायू उलट्या दिशेने घरात येऊ शकतो. त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. गाडीखान्यातून जाणारी परतीची वाहिनी गळत असल्यासही हाच धोका संभवतो. म्हणून दुरुस्तीनंतर ज्वलन उपकरणांची तपासणी करणे आणि घरात कार्बन मोनॉक्साइड सूचक बसवणे आवश्यक मानले जाते.

उपाय

गळती मोजण्यासाठी हवा सोडण्याची सर्व तोंडे बंद करून वाहिन्यांत पंख्याने सामान्यतः २५ पास्कल दाब निर्माण करतात. तो टिकवण्यास लागणारा हवेचा प्रवाह म्हणजे गळतीचे माप होय. सांधे प्रथम यांत्रिक रीतीने घट्ट करून त्यांवर मॅस्टिक हा लुकणासारखा लेप किंवा प्रमाणित धातुपत्र्याची पट्टी लावतात. कापडी ‘डक्ट टेप’ नावाप्रमाणे या कामास योग्य वाटली, तरी लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या १९९८ मधील चाचण्यांत ती टिकाव धरू शकली नाही. बंद खोल्यांसाठी स्वतंत्र परतीचा मार्ग किंवा दोन खोल्यांना जोडणारी जाळी बसवता येते.

गाळणीची कार्यक्षमता ‘मर्व्ह’ या श्रेणीत सांगतात. ॲश्रे संस्थेच्या ५२.२ या मानकातील ही श्रेणी ०.३ ते १० मायक्रोमीटर आकाराच्या कणांवर आधारित आहे. मर्व्ह १३ गाळणी ०.३ ते १ मायक्रोमीटर आकाराचे किमान ५० टक्के कण अडवते. मात्र अधिक दाट गाळणी हवेला अधिक अडथळा करू शकते. पंख्याची क्षमता अपुरी असल्यास प्रवाह घटतो आणि शीतक वेटोळ्यावर बर्फ साचू शकतो. त्यामुळे यंत्रणेला पेलेल अशीच गाळणी निवडून ती वेळेवर बदलावी लागते.

वाहिन्यांची सफाई

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, वाहिन्यांच्या सफाईमुळे आरोग्याच्या तक्रारी टळतात असे सिद्ध झालेले नाही. वाहिनीत साचलेली बरीचशी धूळ पृष्ठभागाला चिकटून राहते आणि खोलीत येतेच असे नाही. दिसण्याजोगी बुरशी, उंदीर वा कीटकांचा प्रादुर्भाव किंवा पुरवठ्याच्या तोंडांतून प्रत्यक्ष बाहेर पडणारी धूळ आढळल्यास सफाईचा विचार करावा, असे ही संस्था सुचवते. गळती तशीच राहिल्यास सफाईनंतरही धूळ पुन्हा येत राहते.

भारतातील स्थिती

भारतीय घरांत प्रामुख्याने खिडकीतील किंवा भिंतीवरील विभक्त वातानुकूलक वापरले जातात. त्यांना वायुवाहिन्या नसतात. ते खोलीतीलच हवा फिरवतात. त्यामुळे तेथे आतील जाळी नियमित धुणे हाच धूळ कमी करण्याचा मुख्य उपाय ठरतो. वाहिन्यांची यंत्रणा मोठी कार्यालये, रुग्णालये व मॉल अशा इमारतींत आढळते आणि तिला वरील तत्त्वे तितकीच लागू पडतात.